गावच्या पायवाटेवर जे दिसतं ते लिहून ठेवा: ब्रिटनमधल्या महाराष्ट्र मंडळांना खुलं पत्र

ब्रिटनमधल्या सर्व महाराष्ट्र मंडळांचे पदाधिकारी, मराठी शाळांचे शिक्षक आणि सभासद मंडळी,

सप्रेम नमस्कार.

पुढच्या वर्षाचे कार्यक्रम आता ठरायला लागतील. संक्रांतीचं हळदीकुंकू, पाडवा, उन्हाळी सहल, गणपती, दिवाळी. ही यादी ठरलेली असते आणि ती तशीच असावी. तिच्यात एक गोष्ट वाढवावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे. प्रत्येक मंडळाने आपल्या शहराजवळचं एखादं गाव निवडावं, त्या गावाभोवतीच्या पायवाटेवर वर्षभर नेमाने चालावं, आणि दिसलेले पक्षी, फुलपाखरं, सरडे, साप लिहून योग्य ठिकाणी पोचवावेत.

‘योग्य ठिकाणी’ हे मी मुद्दाम म्हणते. पाहणारे आपल्यात कमी नाहीत. कुणाच्या परसात रोज रॉबिन येतो, कुणाला मिल्टन कीन्सच्या तळ्याकाठी खंड्या दिसतो, कुणी रेडिंगमध्ये डोक्यावरून गेलेल्या घारीचा व्हिडिओ काढतं. तो मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतो, पाच-दहा अंगठे उठतात, खाली गणपतीच्या वर्गणीचा निरोप येतो आणि घार तिथेच गाडली जाते. पुढच्या वर्षी कुणी विचारलं तर ज्याने व्हिडिओ काढला त्यालाही नक्की जागा आणि तारीख सांगता येत नाही. मला हे फार लागतं, कारण त्या दृश्याची नोंद व्हायला चारच गोष्टी पुरतात: काय दिसलं, कुठे दिसलं, केव्हा दिसलं, कुणी पाहिलं.

यातली ‘कुठे’ ही गोष्ट आपण सगळ्यात सैल ठेवतो. ‘चर्चच्या मागे’ हा पत्ता शेजाऱ्याला कळतो, पण पन्नास वर्षांनी चर्च असेल आणि मागचं शेत नसेल. इथे ऑर्डनन्स सर्व्हेच्या नकाशाची चौकट सगळे वापरतात. दोन अक्षरं आणि सहा आकडे लिहिले की शंभर मीटरचा चौकोन नक्की होतो, आणि हल्ली ते फोनच सांगतो. पक्ष्यांच्या नोंदींसाठी बर्डट्रॅक हे संकेतस्थळ आहे, बाकी जवळपास सगळ्यासाठी आयरेकॉर्ड. तिथे टाकलेली नोंद त्या-त्या जीवाची जाणकार माणसं तपासतात. ही माणसं बहुतेक विनावेतन काम करतात. त्यांनी ‘फोटो आहे का? पंखाची खालची बाजू दिसली का?’ असं विचारलं तर वाईट वाटून घेऊ नये. त्यांनी विचारलं, याचा अर्थ तुमची नोंद कुणीतरी मनापासून वाचली.

मी ऑक्सफर्डशरमध्ये ऑटमूरच्या काठच्या गावात राहते. ऑटमूर म्हणजे ऑक्सफर्ड आणि बिस्टर यांच्यामधली सखल, पाणथळ जमीन. बेक्ली, नोक, ऑडिंग्टन, चार्लटन, फेनकॉट, मर्कॉट आणि हॉर्टन ही सात गावं तिच्या कडेने वसलेली आहेत, मधे वस्ती नाही. एकोणिसाव्या शतकात ही जमीन कुंपणं घालून कोरडी केली गेली, तेव्हा गावकऱ्यांनी दंगे केले होते. १९९७ पासून आरएसपीबी या पक्षीसंवर्धन संस्थेने तिचा काही भाग पुन्हा ओला केला. हिवाळ्यातल्या संध्याकाळी तिथे स्टार्लिंगचे थवे उतरतात आणि टिटवीच्या जातीतले लॅपविंग शेकड्यांनी उठतात. गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात याच ऑटमूरवरून एम-४० महामार्ग जायचा होता. विरोध करणाऱ्यांनी वाटेतलं एक शेत विकत घेतलं आणि त्याचे तीन हजारांहून अधिक इवलेसे तुकडे करून निरनिराळ्या माणसांना विकले, म्हणजे सरकारला प्रत्येक मालकाशी बोलत बसावं लागेल. रस्ता शेवटी ऑटमूर सोडून पूर्वेकडून गेला.

असं शेत प्रत्येक वेळी विकत घेता येत नाही. बहुतेक गावांच्या नशिबी एवढं नाट्य नसतं. तिथे घरबांधणीचा अर्ज येतो, आणि बिल्डरने नेमलेला तज्ज्ञ जागेवर जाण्याआधी काउंटीच्या नोंदकेंद्राकडे आसपासच्या जुन्या नोंदी मागतो. आमच्या भागात हे काम टेम्स व्हॅली एन्व्हायर्न्मेंटल रेकॉर्ड्स सेंटर करतं. इंग्लंडभर अशी केंद्रं आहेत. त्या शेताच्या बांधावर साप आहेत, पलीकडच्या कोठारात गव्हाणी घुबड आहे, हे कुणी लिहून पाठवलं असेल तर ते त्या अहवालात येतं, आणि पाहणी कशाकशाची करायची हे त्यावरून ठरतं. कुणीच लिहिलं नसेल तर नकाशावर तो चौकोन कोरा असतो. कोरा म्हणजे तिथे काही नाही असं उघड कुणी म्हणत नाही, पण वाचलं तसंच जातं. आपल्यापैकी कित्येकांची घरं गावांच्या कडेला नव्याने उठलेल्या वसाहतींत आहेत. बिस्टर, स्विंडन, मिल्टन कीन्स, बेसिंगस्टोक, सगळीकडे तेच चित्र आहे. शेवटच्या घराच्या कुंपणाबाहेर जे शेत आहे त्याबद्दल आपण सोडून दुसरं कोण लिहिणार?

नोंदीने काय बदलतं याचं माझ्या डोळ्यांसमोरचं उदाहरण एका अंड्याचं आहे.

डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे काही माणसं शेताच्या झुडपी कुंपणाशी कमरेत वाकून उभी दिसतात. हातात भिंग, बोटांना ओरखडे. ती ब्लॅकथॉर्नच्या झुडपात शोधत असतात. पानं गळलेली असतात, काळपट फांद्यांवर लांब काटे असतात. गेल्या उन्हाळ्यात फुटलेला कोवळा कोंब धरायचा आणि काटा जिथे फांदीला मिळतो त्या बेचक्यात पाहायचं. तिथे टाचणीच्या डोक्याएवढा पांढराशुभ्र ठिपका असतो. नुसत्या डोळ्यांना तो चुन्याचा थेंब वाटतो. भिंगाखाली धरला की गोल, किंचित चपटा, वर बारीक खळग्यांची जाळी आणि मधोमध एक बारीकसा खड्डा. हे ब्राउन हेअरस्ट्रीक या फुलपाखराचं अंडं. मादी ऑगस्ट-सप्टेंबरात ते घालते, थंडी-पाऊस-हिम सगळं सोसून ते तिथेच राहतं आणि वसंतात त्यातून अळी निघते. फुलपाखरू स्वतः बहुतेक वेळ उंच झाडांच्या शेंड्यावर काढतं, त्यामुळे एखाद्या गावात ते आहे की नाही हे पंख पाहून कळणं कठीण. हिवाळ्यात अंडी शोधून मात्र पक्कं सांगता येतं.

आता अडचण पाहा. पक्ष्यांची घरटी असतात म्हणून इंग्लंडमध्ये १ मार्च ते ३१ ऑगस्ट शेताची कुंपणं कापायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. त्यामुळे कापणी होते ती सप्टेंबर ते फेब्रुवारीत. म्हणजे नेमकी त्या कोवळ्या कोंबांवर अंडी असताना. ट्रॅक्टरला लावलेलं यंत्र फिरलं की कोंब आणि अंडी दोन्ही जातात. दरवर्षी सगळं कुंपण कापलं तर ते फुलपाखरू त्या गावातून उठतं. तीन वर्षांत एकदा, आळीपाळीने एकेक भाग कापला तर टिकतं. शेतकऱ्याचं त्यात फारसं नुकसान नाही, उलट डिझेल वाचतं. पण त्याला सांगायचं काय? ‘तुमच्या कुंपणात दुर्मिळ फुलपाखरू असावं’ म्हटलं तर तो हसून मान हलवेल. ‘तुमच्या या कुंपणावर, या फाटकापासून त्या ओकपर्यंत, या तारखेला इतकी अंडी मिळाली’ असा कागद पुढे ठेवला की तो थांबून विचारतो, कुठे, दाखवा. कागदामुळे बोलणं पुढे जातं, आणि तो कागद तयार करायला कुठलीही पदवी लागत नाही. थंडीत दोन तास उभं राहायची तयारी हवी. मराठी शाळेतल्या मुलांचे डोळे या कामाला आपल्यापेक्षा चांगले.

या देशात ही सवय जुनी आहे. नॉरफोकमधल्या स्ट्रॅटन स्ट्रॉलेस या गावी रॉबर्ट मार्शम नावाच्या जमीनदाराने १७३६ पासून वसंताच्या खुणा लिहायला सुरुवात केली: पहिलं स्नोड्रॉप कधी फुललं, बेडूक कधी ओरडले, ओकला पान कधी फुटलं, भिंगरी कधी आली, कुक्कू कधी बोलला. त्याच्या मागे त्याच्या घराण्याने हे १९५८ पर्यंत चालू ठेवलं. त्याला तापमानवाढ हा शब्द ठाऊक नव्हता, पण वसंत किती आधी यायला लागला हे मोजायला आज शास्त्रज्ञ त्या वह्या उघडतात. हॅम्पशरमधल्या सेलबोर्नचे धर्मगुरू गिल्बर्ट व्हाइट हे त्याच काळातले. दिसायला जवळजवळ सारखे असणारे तीन वटवटे वेगवेगळ्या जातींचे आहेत हे त्यांनी आवाजावरून ओळखलं. चिफचॅफ, विलो वॉर्बलर आणि वुड वॉर्बलर. त्यासाठी ते कुठे लांब गेले नाहीत, आपल्याच गावात वर्षानुवर्षं कान देऊन चालत राहिले.

आज हे काम ठरलेल्या पद्धतीने होतं, आणि पद्धत समजून घेतली तर कळतं की ती आपल्यासारख्यांसाठीच बेतलेली आहे. १९७६ पासून चालू असलेली फुलपाखरांची मोजणी घ्या. केंब्रिजशरमधल्या मंक्स वुडमध्ये अर्नी पोलार्ड यांनी ती बसवली. एक वाट ठरवायची आणि एप्रिलपासून सप्टेंबर अखेरपर्यंत दर आठवड्याला तीच वाट चालायची. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि पुढे पाच मीटर, एवढ्या कल्पित पेटीत जे फुलपाखरू येईल तेच मोजायचं. लांब कुरणात कितीही सुंदर काही उडत असलं तरी ते मोजणीत नाही. वेळ साधारण पावणेअकरा ते पावणेचार. तापमान तेरा अंशांच्या वर असेल तर निम्म्याहून बराच जास्त वेळ ऊन हवं, सतरांच्या वर असेल तर ढग चालतात, पाऊस मात्र नको. तेरा अंशांत आपण पुण्यात मफलर बांधतो, इथे तेवढ्यात ऑरेंज टिप फुलपाखरू बागडायला लागतं.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, असं मला बरेच जण विचारतात. कारण यंदाचा आकडा गेल्या वर्षीच्या आकड्याशेजारी ठेवता आला पाहिजे. वाट, वेळ, हवा सारखी ठेवली की उरलेला फरक फुलपाखरांचा असतो. लार्ज ब्लू हे निळं फुलपाखरू १९७९ मध्ये ब्रिटनमधून नाहीसं झालं. त्याच्या शेवटच्या वर्षांत जेरेमी थॉमस यांनी त्याचा पाठपुरावा केला, तेव्हा कळलं की त्याची अळी एका ठरावीक जातीच्या मुंगीच्या वारुळात वाढते आणि ती मुंगी आखूड चरलेल्या, उन्हाने तापणाऱ्या गवतातच राहते. चराई कमी झाली, सशांमध्ये रोग पसरला, गवत वाढलं, जमीन थंड झाली, मुंगी गेली आणि पाठोपाठ फुलपाखरू गेलं. हे कळल्यावर गवत पुन्हा आखूड केलं, स्वीडनहून अळ्या आणल्या, आणि आज सॉमरसेटच्या उतारांवर ते परत उडतं. या फुलपाखरांना वाचवायला आधी कुंपणं घालून माणसं आणि गुरं दोन्ही बाहेर ठेवली गेली होती. माया होती, माहिती नव्हती.

पक्ष्यांचं तसंच. १९९४ पासून बीटीओ या पक्षी-अभ्यास संस्थेच्या ब्रीडिंग बर्ड सर्व्हेमध्ये स्वयंसेवक एक किलोमीटरचा एकेक चौकोन घेतात आणि वसंतात दोनदा पहाटे त्यातून चालतात. स्विफ्ट १९९५ पासून निम्म्याहूनही अधिक घटले, हे बातम्यांत येतं ते या चालण्यातून येतं. धोक्यात आलेल्या पक्ष्यांच्या २०२१ च्या लाल यादीत ब्रिटनमधल्या ७० जाती आहेत. त्यात स्विफ्ट आहे, स्टार्लिंग आहे, चंडोलाच्या कुळातलं स्कायलार्क आहे आणि आपली चिमणीही आहे. चिमणीचं नाव वाचून आपल्यातल्या पुष्कळांना चटका बसेल, कारण मुंबई-पुण्याच्या चाळीतली चिमणी कधी कमी झाली हे आपल्याला सांगता येत नाही. ती रोजची होती, म्हणून कुणी मोजली नाही. इथेही दुर्मिळ पाहुणा आला की पन्नास दुर्बिणी लागतात आणि चिमण्यांकडे पाठ असते. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे: साध्या जातींना नोंदीत पहिलं स्थान द्या. आणि काही दिसलं नाही तर तेही लिहा. नेमाने चालून ‘आज शून्य’ लिहिणारा माणूस फार मोलाचा.

‘आम्हाला इथले पक्षी कुठे ओळखता येतात?’ असं म्हणणाऱ्यांसाठी सांगते. गव्हाणी घुबड, राखी बगळा, पाणकोंबडी, कपाळावर पांढरा टिळा लावलेला वारकरी, खंड्या, माळभिंगरी, खरुची या जाती महाराष्ट्रात पाहिल्या त्याच इथे आहेत. लंडनच्या बागांत आपले हिरवे पोपट तर थव्याने ओरडत फिरतात. रेड काइट आपल्या घारीची सख्खी बहीण शोभावी अशी. इंग्लंडमधून ती संपली होती. १९८९ पासून काही वर्षं स्पेनहून आणलेली पिल्लं चिल्टर्न टेकड्यांत सोडली आणि ती कुठवर पसरली हे लोकांच्या नोंदींनी दाखवलं. फुलपाखरांचं तर आणखी सोपं. ब्रिटनमध्ये नेहमी आढळणाऱ्या जाती साठाच्या आतच आहेत. एकट्या महाराष्ट्रातल्या जाती त्याच्या कितीतरी पट. सह्याद्रीत वाढलेल्या डोळ्यांना ऑक्सफर्डशर अवघड नाही. पेंटेड लेडी तर दोन्हीकडे भेटते. शरदात ही फुलपाखरं इथून कुठे जातात हे कोडं होतं. २००९ मध्ये लोकांनी पाठवलेल्या हजारो नोंदी आणि रडारवर दिसलेले थवे जोडून पाहिले, तेव्हा कळलं की ती उंचावरून आफ्रिकेकडे परततात. परसातल्या माणसांनी तारखा लिहिल्या नसत्या तर रडारला ते ठिपके कशाचे हे कुणी सांगितलं असतं?

सरपटणाऱ्यांबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण तिथे आपली भीती आड येते.

ब्रिटनमध्ये स्थानिक जाती सहाच: अॅडर, ग्रास स्नेक, स्मूथ स्नेक, कॉमन लिझर्ड, सँड लिझर्ड आणि स्लो वर्म. विषारी एकच, अॅडर. तो आपल्या घोणस-फुरशाच्या कुळातला, पाठीवर गडद नागमोडी पट्टा आणि डोळा लाल. त्याला डिवचलं नाही तर तो निघून जातो. देशभर त्याची अवस्था इतकी वाईट आहे की बहुतेक ठिकाणी मोजायला थोडेच उरलेत. ग्रास स्नेकच्या मानेवर पिवळी-काळी कॉलर असते. तो पाण्याशी राहतो, बेडूक खातो आणि अंडी घालायला शेणखताचे, पाचोळ्याचे उबदार ढीग शोधतो. पकडला तर जीभ बाहेर टाकून मेल्याचं सोंग घेतो. ऑटमूरच्या बांधावर ऊन खात पडलेला पाहायला मिळतो, शेजारच्या ओंडक्यावर कॉमन लिझर्ड.

स्लो वर्म मात्र पुष्कळांच्या दारातच असतो. आपल्यातले बरेच जण हल्ली अॅलॉटमेंटवर, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या भाजीच्या तुकड्यावर, मेथी-कोथिंबीर लावतात. तिथल्या कंपोस्टच्या ढिगावर टाकलेलं जुनं कापड उचललं की खाली पितळेसारखा चकचकीत, करंगळीएवढा जाड, पाय नसलेला प्राणी वेटोळं करून पडलेला दिसतो. तो साप नाही, पाय गेलेली पाल आहे असं म्हणा. दोन मिनिटं पाहत राहा: तो पापणी मिटतो. सापाला पापण्या नसतात. तो गोगलगायी खातो, म्हणजे तुमची मेथी राखतो. नागपंचमीला फळ्यावर नाग काढणाऱ्या मुलांना एकदा हा दाखवा. फक्त हात लावू नका, घाबरून शेपूट टाकतो. या सहाही जातींना मारणं वा इजा करणं १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि सँड लिझर्ड व स्मूथ स्नेक यांना तर परवान्याशिवाय हातही लावता येत नाही. नोंद करणारे शेताच्या कडेला छपराच्या जाड फेल्टचे वा पत्र्याचे अर्धा-अर्धा मीटरचे तुकडे ठेवतात. सकाळी ते तापतात, खाली हे प्राणी ऊब घ्यायला येतात. त्याला जमीनमालकाची परवानगी लागते, आणि मागितली तर ती पुष्कळदा मिळते.

एक सावधगिरी. गव्हाणी घुबडाचं घरटं, अॅडरची हिवाळी बिळं, असल्या जागा व्हॉट्सअॅपवर टाकू नका. घरट्याशी गव्हाणी घुबडाला त्रास देणं गुन्हा आहे, आणि फोटोसाठी धावणाऱ्यांना तेवढा विचार नसतो. आयरेकॉर्डवर नेमकी जागा झाकून ठेवायची सोय आहे, ती वापरा.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. शहरातल्या बागेत आपण मोकळे असतो, पण इंग्रज गावाच्या वाटेवर पाय बिचकतो. खाजगी शेत, मोठं कुत्रं, खिडकीतून पाहणारा चेहरा. आपल्यासारखी माणसं तिथे कमी दिसतात हे खरं आहे आणि त्याचं ओझं प्रत्येक जण एकट्याने वाहतो. म्हणूनच मी हे मंडळांना लिहिते आहे, एकेकट्या सभासदाला नाही. पिवळ्या बाणाची पाटी असलेल्या पायवाटेवर चालायचा हक्क सर्वांचा आहे, शेत कुणाचंही असो. सात-आठ जण मिळून गेले, गळ्यात दुर्बीण आणि हातात वही असली, की गावकरी आपणहून थांबून बोलतात. आमच्या गावात माझी बहुतेक ओळख अशीच झाली: ‘आज काय दिसलं?’ पॅरिश कौन्सिल म्हणजे इथली ग्रामपंचायतच. वर्षाच्या शेवटी तिला एक पानाची यादी नेऊन द्या. ती सभेच्या कागदांत लागते. आपण या गावांजवळ राहतो, कर भरतो, मुलं वाढवतो. या गावांच्या कागदांतही आपलं नाव असावं, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याला हे काम परकं नाही. १८८३ मध्ये मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. सहा इंग्रज होते आणि दोन आपले: डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. इंग्रज अधिकारी आपल्या गावांत हिंडून पक्षी टिपत होते तेव्हाही नोंदींच्या मेजावर मराठी माणूस बसलेला होता. आज भारतातल्या पक्ष्यांची स्थिती सांगणारा २०२३ चा अहवाल तीस हजारांवर पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर उभा आहे, त्यात महाराष्ट्रातली माणसं भरपूर आहेत. तुमचे भाऊबंद साताऱ्यात, अलिबागेत हे करत असतील. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ चं, बीटीओ १९३३ ची. इतकी वर्षं शेजारी नांदलेल्या या दोघांची गाठ कधीतरी पडायला हवी.

मंडळांनी काय करावं हे थोडक्यात सांगते. येत्या कार्यकारिणीच्या बैठकीत या कामासाठी दोन माणसांची नावं ठरवा, एकाचं नको, कारण एक जण आजारी पडतो किंवा भारतात जातो. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आरएसपीबीची घरच्या परसातली तासाभराची पक्षीगणना असते, तिने सुरुवात करा. तिच्यात एका वेळी जास्तीत जास्त किती दिसले ते लिहायचं असतं, दर फेरीला नव्याने बेरीज करायची नसते, एवढं सर्वांना समजावून सांगा. फेब्रुवारीत एकदा ब्लॅकथॉर्नच्या कुंपणाशी. एप्रिलपासून महिन्यातून एका रविवारी तीच वाट. जुलै-ऑगस्टात फुलपाखरांची पंधरा मिनिटांची मोठी गणना येते, ती उन्हाळी सहलीतच बसवा. जेवणाआधी पंधरा मिनिटं, सगळ्यांनी. आजी-आजोबा भेटीला आलेले असतात, त्यांना खुर्ची टाकून बडलियाच्या झुडपासमोर बसवा. त्यांच्याइतकं शांतपणे कुणी मोजत नाही. वर्षभर हे जमलं आणि दोघा-चौघांना गोडी लागली, की बीटीओच्या आपल्या भागातल्या प्रतिनिधीकडे ब्रीडिंग बर्ड सर्व्हेचा एक चौकोन मागा.

आपल्या काउंटीच्या नोंदकेंद्राला आधी पत्र लिहून विचारा, आमच्या आसपास कुठल्या गावाच्या नोंदी कमी आहेत. गाव त्यांच्या उत्तरावरून निवडा, देखावा पाहून नको. ऑक्सफर्डशर आणि बकिंगहॅमशरमधल्या ज्या मंडळांना पहिल्या फेरीला सोबत हवी असेल त्यांच्याबरोबर मी येईन. भिंगं माझ्याकडे जास्तीची आहेत. बूट मात्र चिखलातले आणा, ऑटमूरवर फेब्रुवारीत घोट्यापर्यंत पाणी असतं.

आपली,
ऑटमूरकाठची एक सभासद